खाणीजवळच्या शेतातल्या उकड्या तांदळात आर्सेनिक असेल, तर धुऊन ते जाते का?

नुसते धुऊन फारसे जात नाही. भात भरपूर पाण्यात शिजवून वेळला (उरलेले पाणी ओतून काढले) तर बरेच कमी होते. कारण हे आर्सेनिक दाण्याला वरून चिकटलेले नसते. वायंगण (उन्हाळी भात) असो वा सरद (पावसाळी), पाणी तुंबलेल्या मातीतला प्राणवायू संपतो, लोहाची संयुगे विरघळतात, त्यांना धरून बसलेले आर्सेनिक सुटते आणि सिलिका शोषणाऱ्या वाटेनेच मुळांत शिरते. दाण्यात ते कोंड्यात जास्त साठते, म्हणून कोंडा राखलेल्या लाल उकड्यात पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा अधिक सापडते.

एका वाटीला 6 ते 10 वाट्या पाणी घ्या, दाणा शिजला की सगळे पाणी ओता. असेंद्रिय आर्सेनिक (त्याचे जास्त विषारी रूप) साधारण 40 ते 60 टक्के उतरते. पण तीच निवळ (हे ओतलेले पाणी) पेजेत प्यायलात तर काढलेले सगळे परत पोटात (आपल्याकडे नेमके हेच होते). कुकरमध्ये पाणी भातातच जिरते, तिथे उपयोग नाही. वेळल्याने काही बी-जीवनसत्त्वेही जातात.

हे सगळे शिजवायचे पाणी स्वच्छ असेल तरच. आणि गोव्यात डिचोली-सत्तरीकडे शेतात आलेली खाणीची लाल माती म्हणजे आर्सेनिकच, असे नव्हे. ती मुख्यतः लोह-मँगनीजची, पहिला फटका पिकालाच देते. खात्री हवी तर एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ‘असेंद्रिय आर्सेनिक’ वेगळे मागा. कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची) त्यासाठीची मर्यादा पॉलिश तांदळाला किलोमागे 0.2 मिलिग्रॅम, कोंड्यासकट 0.35.