चैत्रात पाऊस नसताना झाडांना पालवी कशी फुटते, आणि गच्चीवरच्या कुंड्या मात्र का सुकतात?

आपण बडोद्याला नव्याने राहायला आला आहात आणि एप्रिलमधली एक विसंगती आपल्याला खटकली आहे. ऑक्टोबरपासून पावसाचा थेंब नाही, पारा चाळिशीपुढे गेलेला, तरीही रस्त्याकडेचे पिंपळ, कडुनिंब आणि करंज कोवळ्या पानांनी भरून गेले आहेत. आपल्या गच्चीवरचा जास्वंद, मोगरा आणि कढीपत्ता मात्र दिवसातून दोनदा पाणी घालूनही माना टाकतात. हे कसे, असे आपण विचारले आहे. मी बडोद्यात वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि शहरातल्या काही ठरावीक झाडांच्या पानगळीच्या, पालवीच्या व फुलोऱ्याच्या तारखा अनेक वर्षे वहीत टिपत आले आहे. या दोन्ही गोष्टींचे उत्तर एकाच ठिकाणी सापडते: रस्त्यावरचे झाड गेल्या पावसाळ्याच्या पाण्यावर जगत असते, आणि कुंडीतल्या रोपाजवळ गेला पावसाळा शिल्लकच नसतो.

बागकामाविषयीचे पुष्कळ लिखाण मुळात थंड देशांसाठी झालेले आहे. तेथे झाड गारठ्याने झोपी जाते आणि ऊब आली की जागे होते. बडोदे साधारण २२.३ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. येथल्या झाडांना थंडी फारशी छळत नाही. वर्षभराच्या पावसापैकी ९० टक्क्यांहून अधिक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडून जातो, आणि उरलेले आठ महिने कसे काढायचे हे प्रत्येक झाडाला आपापल्या परीने सोडवावे लागते. बहुतेकांनी सोडवलेही आहे, आणि आपल्या भाषेने त्याची नोंद 'चैत्रपालवी' या शब्दात फार पूर्वीच करून ठेवली आहे. रावपुऱ्यात आणि दांडिया बाजारात गुढीपाडव्याला आपण कडुनिंबाचा जो डहाळा गुढीला बांधतो आणि गुळाबरोबर ज्याची कोवळी पाने व फुले खातो, तो पाच-सहा महिने पाऊस न पाहिलेल्या झाडावर फुललेला असतो.

हे जवळून पाहायचे असेल तर पिंपळाची एक हाताशी येणारी फांदी निवडा. मी फेब्रुवारीच्या अखेरीस अशा फांदीला लाल दोरा बांधून ठेवते. जुनी पाने आठ-दहा दिवसांत पिवळी पडून गळतात आणि फांदीच्या टोकाशी टोकदार, आवळून मिटलेली पर्णकलिका तेवढी उरते. तिच्यावर उपपर्णांची, म्हणजे देठाच्या तळाशी येणाऱ्या लहान पानांसारख्या आवरणांची, टोपी असते. एके सकाळी ती टोपी सरकते, गळून पडते, फांदीवर तिची वलयाकार खूण राहते आणि आतून तांबूस, ओलसर चमक असलेले पान बाहेर लोंबू लागते. पहिले काही दिवस ते इतके लुळे असते की पाण्यावाचून मलूल झाले आहे असेच वाटावे. प्रत्यक्षात त्यात अजून हरितद्रव्य पुरेसे भरलेले नसते आणि काठिण्यही आलेले नसते. तो तांबडा रंग प्रखर उन्हापासून कोवळ्या पेशींचे काही अंशी रक्षण करतो. माझ्या दोऱ्याच्या फांदीवर टोपी गळाल्यापासून पान पुऱ्या आकाराचे होईपर्यंत बहुतेक वेळा दोन आठवडे लागले आहेत. या सर्व काळात आभाळ कोरडेठाक होते.

मग पाणी आले कोठून? पानगळ हाच त्याचा पहिला भाग आहे. पाण्याचा सर्वांत मोठा खर्च पानांतून, त्यांच्या पर्णरंध्रांतून म्हणजे पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून होतो. जुनी पाने टाकली की तो खर्च जवळजवळ थांबतो, पण खोलवर गेलेली मुळे पाणी ओढतच राहतात. त्यामुळे बुंधा व फांद्या आतून पुन्हा भरतात आणि त्या भरलेपणाच्या बळावर कळ्या फुटतात. महाराष्ट्रातले डाळिंबाचे आणि संत्र्याचे बागायतदार हेच तत्त्व व्यवहारात वापरतात. बागेला 'ताण देऊन', म्हणजे काही काळ पाणी तोडून, ते पानगळ करवतात, मग पाणी सोडून बहार धरतात. आंबे बहार, मृग बहार, हस्त बहार ही नावे आपण ऐकली असतील. पिंपळ हा ताण स्वतःच घेतो आणि स्वतःच मोडतो.

सर्वच झाडांना हे साधत नाही, आणि एप्रिलमध्ये पावागढला गेलात तर हा फरक एकाच डोंगरावर दिसेल. पळस, ज्याला येथे केसूडो म्हणतात, होळीच्या आगेमागे फुलून जाऊन पालवू लागलेला असतो. मोहाच्या शेंड्यांवर तांबूस पाने आलेली असतात. साग मात्र उघडाबोडका उभा असतो, आणि पावसाची चाहूल लागेपर्यंत बहुधा तसाच राहतो. मुळे किती खोल जातात आणि खोडात किती पाणी मावते, यावर पुष्कळ काही ठरते. खोडातल्या साठ्याचे टोकाचे उदाहरण पाहायचे तर पादरा तालुक्यातल्या गणपतपुरा गावी गोरखचिंचेचा प्रचंड वृक्ष आहे. गुजरातीत त्याला रूखडो म्हणतात. गोरखचिंचेचे लाकूड मऊ आणि पाण्याने भरलेले असते. मादागास्करमधील तिच्या भाईबंदांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले की खोडातले पाणी ती पावसाआधी नवी पाने उघडण्यासाठी वापरते, पण त्या पानांची पर्णरंध्रे पाऊस येईपर्यंत फारशी उघडतच नाहीत. साठा कशासाठी खर्च करायचा आणि कशासाठी नाही, याचा इतका काटेकोर हिशेब पाहून मी अजूनही थक्क होते.

पाऊस नाही, तर मग वेळ कळते कशी? दक्षिण व आग्नेय आशियातील मोसमी वनांत अनेक जातींची पालवी दरवर्षी जवळजवळ त्याच सुमारास फुटते, मग आदला पावसाळा कसाही जावो. यावरून वाढत्या दिवसाकडे बोट जाते. बडोद्यात सर्वांत लहान दिवस सुमारे पावणेअकरा तासांचा आणि सर्वांत मोठा साडेतेरा तासांचा असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिवस रोज साधारण सव्वा मिनिटाने वाढतो, आणि एवढा बदल वनस्पतीला टिपता येतो. ज्यांना हे पटत नाही, त्यांना मी शेवंतीचे उदाहरण देते. रात्री मोठ्या होऊ लागल्या की शेवंतीला कळ्या धरतात. पण कुंडी रस्त्यावरच्या दिव्याच्या थेट उजेडात ठेवली, तर तिच्यासाठी रात्र पुरेशी मोठी होत नाही आणि शेजारची शेवंती बहरली तरी ती नुसती पाने काढत बसते. चैत्रात पालवण्याचा फायदाही उघड आहे: ढग येण्याआधीचे स्वच्छ ऊन मिळते, आणि पावसाबरोबर पाने खाणाऱ्या अळ्यांची फौज येईपर्यंत पान निबर झालेले असते.

आता आपल्या गच्चीकडे वळू. कुंडीतल्या रोपाची मुळे वीतभर खोल जाऊन तळाशी अडतात, म्हणजे खालचे पाणी नाही. खोड बोटाएवढे, म्हणजे साठाही नाही. त्यात भर पडते ती उष्णतेची. मी एकदा मे महिन्यात दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या भिंतीशी ठेवलेल्या काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीत तापमापी खुपसून पाहिला, तो ४६ अंशांवर गेला. सावलीतल्या ओल्या मातीच्या कुंडीत तो ३३ अंश होता. मातीच्या कुंडीच्या अंगातून पाणी झिरपून उडते आणि माठाप्रमाणे ती गार राहते. ४६ अंशांना बहुतेक बागेतल्या झाडांची मुळे पाणी ओढण्याच्या स्थितीत नसतात, मग माती ओली असली तरी पाने मलूल होतात. ती मलूल पाने पाहून आपण आणखी पाणी घालतो. येथेच मोठे नुकसान होते, कारण पाणी जितके तापलेले तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि मुळांना तर उष्णतेत श्वसनासाठी प्राणवायू अधिक लागतो. म्हणून उन्हाळ्यातले जास्तीचे पाणी हिवाळ्यातल्यापेक्षा अधिक घातक ठरते. माझ्या हातून असाच एक जुना मोगरा गेला आहे. उपटून पाहिला तेव्हा मुळे काळी पडून बोटांत साल सोलून येत होती.

तेव्हा दुपारी माना टाकलेल्या रोपाला लगेच पाणी देऊ नका. सकाळी सात वाजता पाहा. तेव्हा पान ताठ असेल तर रोप तहानलेले नव्हते, उन्हापुढे तात्पुरते हरले होते. सकाळीही मलूल असेल, तर बोट दोन पेरे मातीत घालून पाहा आणि माती कोरडी असेल तरच, तळाच्या भोकातून निथळेपर्यंत एकदाच भरपूर पाणी द्या. मातीवर चार बोटे पाचोळा पसरा. मे महिन्यात कुंडी बदलणे, छाटणी आणि खत ही तिन्ही कामे टाळा.

कुंड्या कोठे ठेवाव्यात याविषयी पुस्तकी सल्ला येथे हमखास फसतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात बडोद्यात माध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या भिंतीला ऊन फार कमी लागते, आणि उत्तरेच्या भिंतीला सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन मिळते; हिवाळ्यात नेमके उलट होते. पश्चिमेची भिंत उन्हाळ्यात सर्वांत वाईट. कुंड्या एप्रिलमध्ये पूर्वेकडे किंवा दक्षिणेकडे सरकवा आणि दिवाळीनंतर पुन्हा मोकळ्या उन्हात आणा. झेंडू, पिटुनिया, फ्लॉक्स यांचे बी परदेशी पाकिटावर 'वसंतात पेरा' असे लिहिले असले, तरी येथे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरावे.

आपल्या सोसायटीतही एक गोष्ट जरूर पाहा. मी ज्या कडुनिंबाच्या तारखा टिपत होते, त्याच्या बुंध्याला खेटून एका सोसायटीने ब्लॉक बसवले. तिसऱ्या वर्षी त्याची पालवी निम्म्या फांद्यांवरच आली आणि शेंडा वाळला. पावसाचे पाणी मुरायला बुंध्याभोवती निदान एक-दीड मीटर उघडी माती हवी, नाहीतर पुढच्या चैत्रासाठी साठा होणार कोठून?

कढीपत्ता मात्र कुंडीत अडकवून ठेवू नका. फाटकाजवळ जमीन असेल तर आताच दोन फूट खोल खड्डा खणून महिनाभर उन्हात तापू द्या, जूनमध्ये दोन चांगले पाऊस झाले की शेणखत मिसळलेल्या मातीत रोप लावा, आणि पाऊस संपल्यावर पहिले वर्षभर त्याला रोज तांब्याभर पाणी देण्याऐवजी आठवड्यातून एकदा आळे भरून द्या, म्हणजे मुळे ओलीच्या मागे खाली जातील.