नव्या मोटरहोमचा पहिलाच प्रवास यलोस्टोनचा असावा का?

आपण दोघे साठीच्या घरात आहात, न्यू जर्सीत राहता, पंचवीस फुटी क्लास सी मोटरहोम (ट्रक किंवा व्हॅनच्या सांगाड्यावर बांधलेले चालते घर) नुकतेच घेतले आहे आणि पहिल्याच प्रवासाला थेट यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान गाठावे की आधी जवळपास कुठे जाऊन यावे, असा आपला प्रश्न आहे. यलोस्टोनला अवश्य जावे, परंतु दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रवासात. आम्हीही न्यू जर्सीचेच. मी आणि माझ्या यजमानांनी पहिल्या वेळी व्हर्जिनियातील शेनांडोआ राष्ट्रीय उद्यान निवडले आणि आपल्यालाही मी तेच सुचवीन.

यलोस्टोन इथून एका बाजूने दोन हजार मैलांहून अधिक लांब आहे. नव्या मोटरहोममध्ये पाण्याच्या नळ्यांचे जोड, कपाटांच्या कड्या, खिडक्यांची सीलबंदी यांतले बरेचसे दोष गाडी शे-दोनशे मैल हादरे खात चालल्यावरच उघडे पडतात. असा दोष नेब्रास्कात सापडला, तर वॉरंटीतले काम करून घेण्यासाठी तिथे अनोळखी डीलरच्या दारात दिवस मोजत बसावे लागते. तोच शेनांडोआत सापडला, तर वहीत टिपून घेता येतो आणि परतल्यावर आपल्याच डीलरकडे पूर्ण यादी देता येते.

रस्ता निवडताना नकाशाच्या अ‍ॅपवर विसंबू नये. आय-९५ महामार्गाने बाल्टिमोरमार्गे जाण्याचा मोह होतो, पण तिथल्या दोन्ही बोगद्यांतून १० पौंडांहून मोठी प्रोपेनची (स्वयंपाकाच्या गॅसची) टाकी नेण्यास मनाई आहे, आणि आपल्या गाडीतली टाकी नक्कीच त्याहून मोठी असणार. पूर्वी मोटरहोमवाले फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून वळसा घालत असत. २६ मार्च २०२४ रोजी मालवाहू जहाजाच्या धडकेने तो पूल कोसळल्यापासून आय-६९५ च्या पश्चिम बाजूने शहराला फेरी मारावी लागते. त्यापेक्षा आय-७८ ने पेनसिल्व्हेनियात शिरून हॅरिसबर्गजवळ आय-८१ धरावा आणि विंचेस्टर ओलांडून फ्रंट रॉयलला उतरावे, हे सरळ. या वाटेवर ट्रकांची वर्दळ फार असते, मात्र उंचीची किंवा गॅसची अडचण येत नाही. ट्रकांच्या मोठ्या थांब्यांवर वजनकाटा असतो. त्यावर सामानासह गाडी एकदा जरूर चढवावी. माणसे आणि सामान मिळून किती भार चालेल, हे सांगणारी चिठ्ठी गाडीत चिकटवलेली असते आणि तो आकडा वाटतो त्याहून लवकर भरतो. पाण्याची ४० गॅलनची टाकी काठोकाठ भरली तर तिचेच वजन सुमारे ३३० पौंड होते. त्यामुळे मुक्कामी नळ मिळणार असेल, तर वाटेत टाकी अर्धीच ठेवावी.

पहिली रात्र गेटिसबर्गच्या परिसरातील एखाद्या खासगी कॅम्पग्राउंडवर, वीज, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी असलेल्या जागी काढावी. इथे घरातली प्रत्येक वस्तू मुद्दाम चालवून पाहावी: पाणी तापते का, हीटर लागतो का, फ्रिज रात्रभर गार राहतो का. तीस अँपिअरची जोडणी म्हणजे १२० व्होल्टवर जेमतेम ३,६०० वॅट. छतावरचा एसी चालू असताना मायक्रोवेव्ह आणि इन्स्टंट पॉट एकदम लावले, तर ब्रेकर पडणारच. खांबाची वीज थेट गाडीत न घेता मध्ये सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढल्यास उपकरणे वाचवणारे साधन) लावावा; या खर्चात काटकसर करू नये.

सांडपाण्याचा विषय लोक संकोचाने टाळतात, म्हणून तो सविस्तर लिहिते. शौचालयाची ब्लॅक टँक आणि बेसिन-मोरीची ग्रे टँक वेगळ्या असतात. गटाराची जोडणी असली तरी ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडा ठेवू नये, कारण द्रव निघून जातो आणि घन भाग तळाशी साचून घट्ट होतो. तो नंतर काढणे अतिशय त्रासाचे असते. टाकी बरीच भरली की मगच ती सोडावी, तीही ग्रे टँकच्या आधी, म्हणजे मागून येणाऱ्या साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. प्रत्येक वेळी भरपूर पाणी ओतावे. हातमोजे आणि पिण्याच्या पाण्यासाठी स्वतंत्र नळी हवीच, आणि ती नळी सांडपाण्याच्या साहित्यात कधीही ठेवू नये.

आपल्या स्वयंपाकाचा त्रास होतो तो ग्रे टँकला. आमटी-भाजीची तेलकट भांडी तशीच धुतली, तर तवंग टाकीच्या भिंतींना चिकटतो आणि उन्हात त्याला वास सुटतो. भांडी आधी कागदाने पुसून मगच धुवावीत. फोडणी टाकण्यापूर्वी छतावरचा पंखा लावून एक खिडकी उघडावी, अन्यथा मोहरी तडतडण्याआधी धुराची घंटा वाजते. घंटेला कंटाळून तिची बॅटरी काढणारे लोक मी पाहिले आहेत. एवढ्याशा बंद जागेत ज्वलनशील गॅस असताना तसे करणे निव्वळ अविचार आहे.

दुसऱ्या दिवशी शेनांडोआत शिरावे. तिथल्या कोणत्याही कॅम्पग्राउंडवर वीज-पाण्याची जोडणी नाही आणि जनरेटर ठरावीक वेळेतच चालवता येतो, म्हणून बॅटरी आणि पाणी आपल्याला किती पुरते हे तिथे नेमके कळते. उद्यानातून जाणारा स्कायलाइन ड्राइव्ह हा रस्ता १०५ मैलांचा आहे आणि वेगमर्यादा ताशी ३५ मैल. उत्तरेच्या प्रवेशद्वारापासून बाविसाव्या मैलावर मॅथ्यूज आर्म हे कॅम्पग्राउंड आहे आणि एक्कावन्नाव्या मैलावर बिग मेडोज हे दुसरे. दोहोंच्या मध्ये मेरीज रॉक बोगदा लागतो, ज्याची उंची १२ फूट ८ इंच आहे. आपली गाडी त्यातून जाईलच, तरीही एसीच्या माथ्यापर्यंतची उंची स्वतः टेपने मोजून ती चालकासमोर चिकटवून ठेवावी, कारण न्यूयॉर्ककडील पार्कवेंवरचे पूल यापेक्षा बरेच बुटके आहेत. उतारावर ब्रेक दाबून धरण्याऐवजी खालच्या गिअरने उतरावे. अस्वलांचा वावर असल्याने खाण्याचे काहीही बाहेर ठेवू नये.

वयाची ६२ वर्षे पूर्ण झाली असतील, तर राष्ट्रीय उद्यानांचा आजीवन सीनियर पास ८० डॉलरना मिळतो. त्यासाठी नागरिकत्वच हवे असे नाही, ग्रीन कार्ड पुरते. अनेक संघीय कॅम्पग्राउंडवर मुक्कामाचे भाडेही त्यामुळे निम्मे होते.

आणखी एक गोष्ट, जी कोणताही डीलर सांगत नाही. बहुतेक जोडप्यांत गाडी चालवणे आणि टाक्या सोडणे नवऱ्याकडे, तर ओटा आणि आवराआवर बायकोकडे, अशी घरातलीच वाटणी आपोआप होते. मला ती धोक्याची वाटते. वाटेत एकाला ताप आला किंवा पाठ धरली, तर दुसऱ्याला गाडी निदान पुढच्या मुक्कामापर्यंत नेता आलीच पाहिजे. निघण्याआधी एखाद्या रविवारी सकाळी मोकळ्या पार्किंगमध्ये दोघांनीही आळीपाळीने वळणे घेऊन पाहावे. मागच्या चाकांमागे गाडीचा बराच भाग लोंबत असल्याने वळताना शेपूट बाहेर फेकले जाते आणि पेट्रोलपंपाचा खांब तिथेच लागतो. मागे घेताना बाहेर उभा असलेला जोडीदार आरशात दिसेनासा झाला, की ताबडतोब थांबायचे, हा नियम आधीच ठरवून घ्यावा. ओरडून सांगितलेले इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही, आणि ऐकू आले तर भांडण होते.

यलोस्टोनचा बेत पुढच्या उन्हाळ्यासाठी ठेवायला हरकत नाही. उद्यानाच्या आत वीज, पाणी आणि सांडपाणी अशी पूर्ण जोडणी केवळ फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये (मोटरहोमसारख्या गाड्यांच्या मुक्कामाच्या जागेत) आहे आणि तिथल्या जागा फार लवकर संपतात, त्यामुळे शेनांडोआहून परतताच प्रथम त्या आरक्षणाच्या मागे लागावे.