सगळ्यांना आवडलेली कादंबरी मला नाही आवडली, माझं काही चुकलं का?

प्रश्न: ताई नमस्कार, मी प्रतापनगरला राहते, आयुष्यभर शाळेत शिकवलं, आता रिटायर आहे. आमच्या कॉलनीत आम्हा बायकांचा वाचनाचा ग्रुप आहे, महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो, चहा-चिवडा आणि पुस्तक. या वेळी एका मैत्रिणीच्या सुनेने सुचवलेली 'गर्ल, वुमन, अदर' ही इंग्रजी कादंबरी घेतली होती, बर्नार्डिन एव्हरिस्टो यांची, ब्रिटनमधलं मोठं बक्षीस बुकर मिळालेली, फक्त बायकांच्या कादंबऱ्यांसाठी असलेल्या विमेन्स प्राइझलाही नॉमिनेट झालेली. बारा जणींच्या कथा आहेत, बहुतेक इंग्लंडमधल्या कृष्णवर्णीय बायका, कोणी नाटकवाली, कोणी बँकेत, कोणी सफाईचं काम करणारी, कोणी शेतावर राहणारी म्हातारी. मी अगदी मन लावून वाचली हो, इंग्रजी वाचायला मला वेळ लागतो तरी शेवटपर्यंत वाचली, पण खरं सांगते, नाही आवडली. फुलस्टॉप नाहीत, एकीची ओळख होते न होते तोच दुसरी सुरू, कोण कोणाची कोण हे मी वहीत लिहून ठेवत होते. ग्रुपमध्ये सगळ्या वाह वाह करून राहिल्या होत्या, मी म्हटलं मला नाही आवडली, तर ती सून म्हणाली, काकू, तुम्हाला अशा बायकांची सवय नाही ना म्हणून. मी गप्पच बसले. रात्री झोप नाही आली. सगळ्या जातीच्या मुली माझ्या घरी अभ्यासाला यायच्या, कोणाला कधी वेगळं ताट दिलं नाही, आणि आता या वयात मला कोणी म्हणावं की तुमचं मन लहान आहे? काहून? खोट माझ्यात आहे की पुस्तकात?
(एक वाचक, प्रतापनगर, नागपूर)

उत्तर: बाई (शाळेत शिकवलंत म्हणून बाईच म्हणते), तुमचं पत्र वाचून मला त्या सुनेचा थोडा रागच आला. पुस्तकातल्या बायकांबद्दल आपल्याला काय वाटतं आणि ते पुस्तक कसं लिहिलंय याबद्दल काय वाटतं, हे दोन वेगवेगळे प्रश्न आहेत आणि तिने दुसऱ्याचं उत्तर ऐकून पहिल्याचा निकाल लावून टाकला. तुम्ही तिथे गप्प बसलात याचं मला जास्त वाईट वाटतं, कारण वहीत नावं लिहून लिहून शेवटपर्यंत वाचणारं माणूस त्या खोलीत दुसरं कोणी होतं की नाही कोण जाणे.

आता बक्षिसाचं बोलू, कारण ग्रुपमध्ये अर्धी वाह वाह बक्षिसाची असते. २०१९ चा बुकर या कादंबरीला मिळाला खरा, पण अर्धा. पाच जणांची ज्युरी होती, त्यांचं एका पुस्तकावर एकमत होईना. १९७४ आणि १९९२ ला बक्षीस दोघांत वाटून दिलं होतं आणि त्यानंतर बुकरवाल्यांनी नियमच केला होता की आता वाटायचं नाही, तरी या ज्युरीने तो नियम बाजूला ठेवून कॅनडाच्या लेखिका मार्गारेट अ‍ॅटवुड आणि एव्हरिस्टो दोघींना मिळून दिलं. पुढच्या वर्षी विमेन्स प्राइझच्या शेवटच्या सहांत ही कादंबरी होती पण तिथे बक्षीस दुसऱ्याच पुस्तकाने नेलं. म्हणजे बघा, पुस्तक तेच, वाचणारे बदलले की निकाल बदलला. पाच हुशार माणसं बंद खोलीत भांडून जे ठरवतात ते प्रतापनगरच्या हॉलमध्ये बसून मान डोलावून मान्य करायलाच पाहिजे असं कुठे आहे?

पण त्या वाह वाहीमागे एक खरा आनंदही आहे आणि तो मला तुमच्यापर्यंत पोचवायचाय. बुकर सुरू झाला १९६९ ला, आणि तो एका कृष्णवर्णीय बाईला मिळायला २०१९ उजाडावं लागलं. एव्हरिस्टो तेव्हा साठीला आलेल्या होत्या, आई इंग्लिश, वडील नायजेरियन, आणि आधीची कितीतरी पुस्तकं नावावर असून फार कमी लोकांना माहीत. ज्यांना आयुष्यभर पुस्तकात आपल्यासारखं कोणी सापडलंच नाही त्यांना अचानक एका कादंबरीत बारा जणी सापडल्या, तर त्यांना रडू येणारच. त्या सुनेलाही त्यात काहीतरी आपलं सापडलं असेल, आपल्याला जिवापाड आवडलेलं कोणी नाकारलं की लागतंच.

तर आता पुस्तक. मी वाचलंय आणि माझं मत तुमच्यापासून फार लांब नाही, फक्त फुलस्टॉपबद्दल मी वेगळी आहे. वाक्यं कवितेसारखी तोडलेली आहेत, ओळ संपते, खाली उतरते, पुन्हा सुरू होते, लेखिकेने मुद्दाम तसं केलंय, आणि मोठ्याने वाचलं की दोन-चार पानांत त्याची सवय होते, बोलण्यासारखं वाहत जातं. माझी अडचण पुढची आहे. बाराही जणींबद्दल एकच आवाज बोलतो. नाटक करणारी अ‍ॅमा असो की सुपरमार्केटात काम करणारी लटीशा, सांगणारी तीच, घाईत असलेली, सगळं माहीत असलेली, आणि ती आपल्याला त्या बाईपाशी बसू देत नाही. जन्म, आईबाप, पहिलं प्रेम, नोकरी, लग्न, मोडलेलं लग्न, मुलं, की चला पुढची. जवळपास साडेचारशे पानं आहेत, तरी बाराने भागा आणि बघा एकेकीच्या वाट्याला किती येतं ते.

तुम्ही शिक्षिका आहात म्हणून शर्लीचंच घ्या. तुम्ही पत्रात तिचं नाव घेतलं नाहीत याचं मला आश्चर्य वाटलं. लंडनच्या पेकहॅममधल्या शाळेत तरुण शर्ली केवढ्या उमेदीने जाते, गरिबांच्या पोरांना घडवायचं म्हणून, मग सरकार नवीन अभ्यासक्रम आणतं, कागद भरा, तक्ते भरा, आणि हळूहळू तिची उमेद आटत जाते, ती चिडकी होते, पण तरीही दरवर्षी एखादं चुणचुणीत पोर हेरून त्याच्यामागे लागायचं ती सोडत नाही. कॅरोल अशीच एक. तेराव्या वर्षी एका पार्टीत तिच्यावर अत्याचार झालाय, हे शर्लीला माहीतही नाही. शर्ली तिला अभ्यासाला बसवते, ऑक्सफर्डपर्यंत पोचवते, आणि कॅरोल गेली ती गेली, एक धन्यवाद नाही. ही गोष्ट मला थोडक्या पानांत नको होती हो, मला अख्खी कादंबरी पाहिजे होती! आपल्याकडे कोणत्या शिक्षिकेच्या मनात अशी एक मुलगी नसते, जी सीताबर्डीच्या गर्दीत दिसली आणि ओळख न देता निघून गेली. इथे काय होतं? शेवटी अ‍ॅमाच्या नाटकाच्या पार्टीला सगळ्या जमतात, कॅरोल समोर येते, आभार मानते, शर्ली भरून पावते. मला तिथे भरून आलं आणि लगेच राग आला, कारण एवढ्या वर्षांचा सल इतक्या स्वस्तात निघत नाही. शर्लीच्या शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिकेचं, पेनेलपीचंही तसंच, शेवटी डीएनए टेस्ट येते आणि तिच्या जन्मदात्या आईची गाठ सुटते. बारा धागे एकमेकांत बांधायचे म्हणून बांधलेले आहेत, आणि तुम्ही वहीत नावं लिहीत होता ते काही तुमचं वय झालं म्हणून नाही.

अशा बायकांची सवय नाही, या वाक्याचं मला नागपूरकर म्हणून फार वाटलं. जुलै १९४२ ला याच शहरात दलित महिलांची अखिल भारतीय परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या, बाबासाहेब बोलले, हजारो बायका आल्या होत्या. याच शहरात वाढलेल्या कुमुद पावडे यांचं 'अंतःस्फोट' हे आत्मकथन १९८१ ला आलं. ते तुम्ही वाचलं असेल नसेल, पण एव्हरिस्टोच्या कॅरोलशेजारी ठेवून वाचा असं मी आग्रहाने सांगते. दलित मुलगी संस्कृत शिकायला निघते, चांगल्या मार्कांनी एम.ए. होते, आणि नोकरी काही मिळत नाही. मग आंतरजातीय लग्न होतं, सोमकुवरची पावडे होते, आणि तेव्हा नोकरी मिळते, आणि त्या सरळ लिहितात की हे श्रेय माझ्या जुन्या नावाला नाही. ते मोजक्या पानांतच आहे, पण त्या एका गोष्टीपाशी थांबतात, संस्कृतपाशी, त्यामुळे लोकांच्या नजरा, कौतुकातला विखार, स्वतःचा अभिमान सगळं आपल्या अंगावर येतं. कॅरोलही तशीच, शिकते, बोलणं बदलते, चालणं बदलते, बँकेत वर जाते, पण तिचा तो बदल आपल्याला सांगितला जातो, घडताना फार थोडा दिसतो. मला पुस्तकाकडून काय पाहिजे ते मला या दोघी शेजारी ठेवल्यावर जास्त स्पष्ट कळलं, तुम्हालाही कळेल असं वाटतं.

आता एक विचारते, रागावू नका. मॉर्गनचा भाग तुम्ही कसा वाचला? मुलगी म्हणून जन्मलेली मेगन, पुढे ना बाई ना पुरुष म्हणून जगणारी. तो भाग तुम्हाला नकोसा झाला असेल तर तेवढ्यापुरतं त्या सुनेचं म्हणणं तपासून बघा, शांतपणे, एकट्याने. माझं मत विचाराल तर त्या भागात शब्दांचे अर्थ समजावून सांगण्यातच फार पानं गेलीत, क्लास लावल्यासारखं वाटतं. पण त्यानंतरची हॅटी वाचा, मॉर्गनची पणजी, ९३ वर्षांची, उत्तर इंग्लंडमधल्या शेतावर राहणारी. तिला या नव्या गोष्टी पूर्ण कळतात असं अजिबात नाही, कुरकुरते, पण नातवंडांपेक्षा हे पोर तिला जवळचं आहे आणि ती शेत त्याच्याच नावावर करायचं ठरवते. इथे लेखिका काही समजावून सांगत नाही आणि मला मॉर्गन पहिल्यांदा माणूस म्हणून दिसते ती या म्हातारीच्या डोळ्यांतून. हे आवडलं तर ग्रुपमध्ये तेही सांगा, एखादं पुस्तक अर्धं आवडू शकतं हो.

आणि पुढच्या बैठकीला जाच. "नाही आवडली" एवढंच म्हणून थांबू नका, त्यावर कोणीही काहीही चिकटवू शकतं. शर्लीचं पान उघडा, कॅरोल आभार मानते ते वाचून दाखवा, आणि शिक्षिका म्हणून विचारा की हे तुम्हाला खरं वाटतं का. आणि त्या सुनेलाही विचारा, तिला यातली कोणती बाई आपली वाटली. ते ती मनापासून सांगेल आणि तेव्हा तुम्ही तिचं नीट ऐका, मग मत बदलो न बदलो.

प्रश्न: ताई, याच पुस्तकाबद्दल माझा उलटा प्रश्न आहे. मी इंजिनिअरिंगला आहे, हॉस्टेलवर दोन रात्रींत वाचलं आणि वेडी झाले. दिवाळीत घरी गेले तेव्हा आईला दिलं, तिने वीस पानं वाचून ठेवून दिलं, म्हणते यात गोष्टच नाही, नुसत्या बायका येऊन जाऊन राहिल्या. मला फार वाईट वाटलं, तिला कसं समजावू?
(एक विद्यार्थिनी, हिंगणा रोड, नागपूर)

उत्तर: समजावू नकोस गं. आईने सुरुवातीपासून सुरू केलं असणार, आणि सुरुवात अ‍ॅमापासून आहे, लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये आपलं नाटक लागतंय म्हणून निघालेली, तिच्या नाटकवाल्या मैत्रिणी, त्यांचे वाद, ते जग आपल्या आयांना एकदम परकं वाटतं. तू तिला दुसरं प्रकरण दे. त्यात आधी कॅरोल आहे आणि लगेच तिची आई बम्मी. बम्मी नायजेरियातून आलेली, गणितात डिग्री घेतलेली, आणि लंडनमध्ये दुसऱ्यांची ऑफिसं झाडते-पुसते, नवरा टॅक्सी चालवता चालवता जातो, मग ती स्वतःची सफाईची कंपनी काढते. पोरगी ऑक्सफर्डला गेल्यावर पहिल्याच टर्मला रडत परत येते, मला नाही जमत म्हणून, आणि बम्मी तिला परत पाठवते. तीच पोरगी पुढे इतकी बदलते की आईला ओळखू येईना, गोऱ्या मुलाशी लग्न करते म्हणते तेव्हा बम्मीला जे होतं ते माझ्या मते या पुस्तकातलं सगळ्यात खरं लिहिलेलं आहे. मी वर त्या बाईंना एवढं सगळं सुनावलं ना, त्यातून बम्मी वगळायची राहिली, ती इथे वगळते.

तू हे प्रकरण आईला मोठ्याने वाचून दाखव, जमेल तसं मराठीत सांगत सांगत, आई स्वयंपाक करत असताना केलंस तरी चालेल. बम्मीचा भाग संपला की थांब आणि तिला बोलू दे, आणि ती तुझ्याबद्दल काही बोलायला लागली तर तेही ऐकून घे. त्यानंतरही तिला नाही आवडलं तर पुस्तक परत हॉस्टेलवर घेऊन ये आणि पुढच्या वेळी तिला आवडलेलं एखादं मागून घे.