पायधुणी, उमरखाडी, शीव, मशीद: ही नावं कशी पडली?

नावाचा मूळ मराठी उच्चार धरा, इंग्रजी स्पेलिंगवरून अर्थ लावू नका. तिथेच सगळे फसतात. ‘सायन’ म्हणजे शीव, गावाची वेस: मुंबई बेट इथे संपायचं, पलीकडे साष्टी बेट.

मग शेवटचा तुकडा बघा: वाडी, खाडी, बंदर, तलाव. उमरखाडी म्हणजे उंबर अधिक खाडी. आज तिथे पाण्याचा थेंब दिसत नाही, पण वरळीकडून भरतीचं पाणी थेट आत शिरायचं. पायधुणी त्याच पाण्याची खूण. मुंबई आणि माझगाव बेटांमधला तो चिखल तुडवून आलेली माणसं इथे पाय धुवायची. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉर्नबी वेलार्डचा बांध झाला, पाणी अडलं, नाव मात्र टिकलं. म्हणून भराव पडण्याआधीचा नकाशा शेजारी ठेवाच, त्याशिवाय अशी नावं उलगडत नाहीत.

मशीद स्टेशनचं नाव फार सुंदर आहे. ही ‘मशीद’ म्हणजे बेने इस्रायली ज्यूंचं सिनेगॉग (प्रार्थनास्थळ), शार हारहमीम, 1796 सालचं. सॅम्युएल दिवेकरांनी बांधलेलं. शेजारचा सॅम्युएल स्ट्रीट त्यांच्याच नावाचा.

भेंडी बाजाराला ‘बिहाइंड द बझार’वरून नाव पडलं असं सर्रास सांगतात. भेंडीच्या झाडांवरून (भाजीची भेंडी नव्हे, भेंडीचा वृक्ष) पडलं, हे मला जास्त पटतं.