तेरा पेडल विकू का?

प्रिय वाचक,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. कॉलेजात गिटारला एकच पेडल होतं, म्हणजे पायाने चालू-बंद करून आवाज बदलणारी डबी: बॉस कंपनीचं केशरी डीएस-१, जे आवाज फाडतं. त्याचा गेन, म्हणजे आवाज किती फाटावा ते ठरवणारं बटण, कायम पूर्ण. पुढे नोकरी लागली आणि बोर्डावर तेरा पेडल जमले. ते डीएस-१ 'पोरकट' वाटायला लागलं, माळ्यावर गेलं. मग तीन महिन्यांपूर्वी मधे एकही पेडल न ठेवता दहा फुटी केबल गिटारमधून सरळ अँपला जोडलीत, तर आवाज असा मोकळा आला की तुम्ही हबकलात. बँडमधला मित्र म्हणाला, "टोन बोटांत असतो रे." आता सगळं विकायचं म्हणता, आणि विचारता, 'इतकी वर्षं मी स्वतःला फसवत होतो का?'

नाही. अजिबात नाही.

आधी त्या मोकळ्या आवाजाबद्दल. सगळे पेडल बंद असतानाही आवाज दबलेला येतो, असं तुम्हीच लिहिलंय. बोर्डाच्या अलीकडे-पलीकडे वीस-वीस फुटी केबल, मधे पेडल एकमेकांना जोडणाऱ्या बारा आखूड पॅच केबल. म्हणजे जवळजवळ ४५ फूट वायर. तुमचे तेराही पेडल ट्रू बायपास आहेत, म्हणजे बंद केल्यावर ते सिग्नलला हातही न लावता पुढे सोडतात. त्यामुळे गिटारच्या पिकअपचा (तारांचं कंपन टिपणाऱ्या भागाचा) नाजूक सिग्नल एकट्यानेच ती सगळी वायर ओढतो आणि वाटेत ट्रेबल, म्हणजे आवाजाची धार, गळतो. तुम्ही ऐकलात तो केबलमधला फरक. पेडलवर उगाच आळ आला.

माझंही असंच झालं होतं. असाच वैतागून मी एक डिले, म्हणजे प्रतिध्वनी देणारा पेडल, विकला आणि चार वर्षांनी तोच परत घेतला. पैशांचं सोडा, ती चार वर्षं मला अजून डाचतात.

म्हणून माळ्यावरून ते डीएस-१ काढा. बॉसच्या त्या पेडलमध्ये बफर असतो, पेडल बंद असतानाही तो सिग्नलला जोर देतो. फक्त पॉवर जोडलेली हवी. पेडलच्या रांगेत ते गिटारनंतर पहिलं लावा. जर्मेनियम फझ (जर्मेनियम ट्रान्झिस्टर वापरून आवाज खरखरीत फाडणारा पेडल) असेल तर तो मात्र त्याच्याही आधी, कारण त्याला समोर थेट गिटारच लागते. मग सगळे बंद करून एक ओपन ई कॉर्ड छेडा आणि पहिल्या दोन बारीक तारांकडे कान द्या.

मित्राचं म्हणणं अर्धं खरं आहे. पिक किती तिरका धरता, ब्रिजपासून किती लांब मारता, हे कुठलाही पेडल करून देत नाही. पण 'शुद्ध' टोनचा एवढा धाकही नको. १९६०-६१ च्या सुमारास अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या स्टुडिओत मिक्सर बिघडला आणि ग्रेडी मार्टिन या वादकाच्या बास गिटारचा आवाज फाटला. तोच फाटका आवाज लोकांना हवासा वाटला, आणि १९६२ मध्ये माएस्ट्रो कंपनीचा फझ-टोन पेडल बाजारात आला. फझ चालू ठेवून गिटारचा व्हॉल्यूम दहावरून सहावर आणा, आवाज कसा निवळतो बघा. तिथे बोटं आणि पेडल वेगळे काढता येतात का, सांगा मला.

एक गोष्ट मात्र खटकली. पत्रात तेराही पेडलची नावं आहेत, पण सध्या काय वाजवताय याचा एक शब्द नाही. दोन महिने बोर्डावर तीनच ठेवा, बाकीचे खोक्यात. आणि टोन घरी एकट्याने ठरवू नका. खोलीत गोड वाटणारा आवाज ड्रम आणि बास सुरू झाले की बुडतो. रिहर्सलमध्ये मिड (मधल्या पट्टीतले आवाज) थोडे वाढवून ऐका. तरीही एखाद्या पेडलची गरज लागलीच नाही, तर खुशाल विका.

आणि अठरा हजारांचा डिले बायकोला सहा हजारांचा सांगितलात, ते पत्राच्या शेवटी, बारीक अक्षरात लिहिलंय. मला वाटतं, रात्री झोप उडते ती याने. विकून ती गोष्ट मिटणार नाही. आज जेवणं झाल्यावर त्यांना खरा आकडा सांगा. रागावतील, रागावू द्या. मग तो डिले लावून त्यांना वाजवून दाखवा.

तुमची,
ताई