कंपनीचा विमा ही कंपनीची मेहेरबानी नव्हे

तुमचं म्हणणं मला असं कळलं: अमेरिकेत डॅलसजवळ नोकरी, एच-१बी व्हिसा, ऑफिसात कपातीची कुजबुज आणि घरात लहान मूल. नोकरी गेली तर मुलाचा डॉक्टरही जाणार, हे असं का, आणि सरकार यात कुठे आहे, असं तुम्ही विचारलंय. शेवटी लिहिलंय, ‘एवढा चांगला विमा देणारी कंपनी मिळाली, हे तिचे उपकारच.’

त्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते. न्यू जर्सीत रुग्णालयाच्या बिलिंगमध्ये अर्धं आयुष्य गेलं आणि हे वाक्य मी फार जणांच्या तोंडून ऐकलंय. दर वेळी मला त्रास होतो. उपकार नाहीत हे. तो तुमचा पगार आहे. कर भरायला जो डब्ल्यू-२ कागद मिळतो, त्याच्या बाराव्या चौकटीत ‘डीडी’ असं लिहून एक आकडा असतो. मोठ्या कंपन्यांना तो दाखवावाच लागतो. तुमच्या विम्याचा वर्षाचा पूर्ण खर्च, म्हणजे तुमच्या पगारातून कापलेला हप्ता अधिक कंपनीने भरलेला हिस्सा, असा तो आकडा. कुटुंबाचा विमा असेल तर बघून दचकाल. कंपनी माणूस ठेवताना त्याच्यावर एकूण किती खर्च होणार याचा हिशेब करते. विम्याला गेलेले पैसे रोख पगारातून वजा झालेले असतात.

आता हा पगार विम्याच्या रूपात का मिळू लागला? कुणी बसून अशी व्यवस्था आखली नव्हती. एक एक लढाई हरत-जिंकत ती तयार झाली.

सुरुवातीचा एक धागा तुमच्या गावातलाच आहे. १९२९ साली डॅलसच्या बेलर रुग्णालयाची बिलं थकत होती. तिथल्या जस्टिन किंबल यांनी शहरातल्या शाळाशिक्षकांपुढे योजना ठेवली: महिन्याला ५० सेंट द्या, वर्षात २१ दिवसांपर्यंत रुग्णालयात राहण्याचा खर्च आम्ही बघू. याच कल्पनेतून पुढे ब्लू क्रॉस ही आरोग्यविमा संस्था उभी राहिली. पण ही रुग्णालयाने स्वतःची तिजोरी सांभाळण्यासाठी काढलेली वाट होती, कामगाराचा हक्क म्हणून नव्हे.

हक्काची भाषा त्याआधीच हरली होती. १९१५ च्या सुमारास सुधारकांनी राज्याराज्यांत सक्तीच्या आरोग्यविम्याचा मसुदा फिरवला. डॉक्टर, मालक आणि विमा कंपन्यांचा विरोध होता हे समजण्यासारखं आहे, पण सर्वांत मोठ्या कामगार महासंघाचे अध्यक्ष सॅम्युएल गॉम्पर्सही विरोधात उभे राहिले. सरकार देऊ लागलं तर कामगार युनियनकडे कशाला येईल, ही त्यांची भीती. पहिल्या महायुद्धात तर ही कल्पना जर्मनीची म्हणून बदनाम झाली. १९३५ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टनी सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे म्हातारपणच्या पेन्शनचा, कायदा आणला, तेव्हाही डॉक्टरांची संघटना अख्खं विधेयक बुडवेल या धास्तीने आरोग्यविमा त्यातून वगळला गेला. आणि १९३८ च्या किमान वेतन कायद्यातून शेतमजूर नि बहुतेक घरकामगार वगळले गेले. दक्षिणेत ही कामं मुख्यतः काळे लोक करत. त्यांना वगळणं योगायोग नव्हता, दक्षिणेच्या खासदारांची मतं हवी होती.

मग दुसरं महायुद्ध. कारखान्यांना माणसं मिळेनात, पण महागाई आवरायला १९४२ मध्ये सरकारने पगारवाढ गोठवली. विमा आणि पेन्शन मात्र ‘पगार’ धरले जाणार नाहीत, अशी मुभा राहिली. रोख वाढ देता येत नाही, मग विमा देऊन माणसं ओढा, असं सुरू झालं. कंपनीने भरलेल्या हप्त्यावर कामगाराला आयकर नाही, हे १९५४ च्या करकायद्याने पक्कं केलं. हजार डॉलर रोख दिले तर त्यातून कर कापणार, तेच विम्यात दिले तर पूर्ण हजार कामी येणार. मालक आणि कामगार दोघांनाही सोयीचं. त्या सोयीचीच गाठ बसली. ती अजून सुटलेली नाही.

याच काळात राष्ट्राध्यक्ष ट्रूमननी १९४५ मध्ये सगळ्या नागरिकांसाठी राष्ट्रीय विम्याचा प्रस्ताव मांडला. डॉक्टरांच्या संघटनेने प्रत्येक सदस्याकडून २५ डॉलर गोळा करून, प्रचारकंपनी नेमून तो पाडला. ‘समाजवादी वैद्यकसेवा’ हा शिक्का पुढेही जवळजवळ प्रत्येक सुधारणेवर मारला गेला.

आता ज्या भागाविषयी मला सर्वांत जास्त बोलावंसं वाटतं तो. कोळशाच्या खाणी.

वेस्ट व्हर्जिनिया, केंटकीच्या डोंगरात घर कंपनीचं, दुकान कंपनीचं आणि डॉक्टरही कंपनीचा. डॉक्टरचे पैसे मात्र खाणकामगाराच्या पगारातून दरमहा कापले जात. निवड कंपनीची, पैसे कामगाराचे. संप केला की घर आणि डॉक्टर दोन्ही एकदम जात. छत कोसळून मणका मोडलेली माणसं वर्षानुवर्षं खाटेवर पडून राहत. १९४६ च्या वसंतात जॉन लुईस यांच्या युनियनने संप केला आणि मागणी पगाराइतकीच आरोग्याची होती. ट्रूमननी खाणी सरकारी ताब्यात घेतल्या, आणि मे महिन्यात करार झाला: निघालेल्या प्रत्येक टन कोळशामागे ५ सेंट कामगारांच्या कल्याणनिधीत. नौदलाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी खाणवस्त्यांची पाहणी करून अहवाल दिला, त्यात गटारं, पिण्याचं पाणी, दवाखाने यांची दैना नोंदलेली आहे.

त्या निधीने काय केलं बघा. लुळ्या पडलेल्या खाणकामगारांना शोधून, आगगाडीत घालून दूर कॅलिफोर्नियापर्यंतच्या पुनर्वसन केंद्रांत नेलं. १९५६ मध्ये केंटकी, व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियात स्वतःची १० रुग्णालयं उघडली. ज्यांना कधी धड डॉक्टर मिळाला नव्हता, त्यांच्या दाराशी तज्ज्ञ डॉक्टर आले. कामगारांनी स्वतःच्या घामाच्या हिशेबातून हे उभं केलं, याचं मला मनापासून अप्रूप आहे.

आणि तरीही ते टिकलं नाही. निधी टनावर अवलंबून. यंत्रं आली, कोळशाची मागणी घसरली, खाणकामगार बेकार झाले, निधी आटला. अनेकांची आरोग्यपत्रं रद्द झाली आणि १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ती रुग्णालयं युनियनच्या हातून गेली. आरोग्य धंद्याला बांधलं की धंदा आजारी पडेल त्या दिवशी माणूसही उघडा पडतो. तुमच्या ऑफिसातल्या कुजबुजीमागचं भय हेच आहे.

खाणकामगारांची गोष्ट तिथे संपत नाही. छातीत धूळ साचून होणाऱ्या ‘ब्लॅक लंग’ला बरेच कंपनी डॉक्टर साधा दमा म्हणत. नोव्हेंबर १९६८ मध्ये फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ जण गेले. पुढच्या फेब्रुवारीत वेस्ट व्हर्जिनियातले ४०,००० च्या आसपास कामगार संपावर गेले, तेही युनियनच्या पुढाऱ्यांची परवानगी न घेता. काही डॉक्टर त्यांच्या बाजूने गावोगावी सभांतून फिरले. आधी राज्याचा भरपाईचा कायदा झाला, वर्षाअखेर केंद्राचा आला. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, इतर बहुतेक कामाच्या ठिकाणांच्या सुरक्षेचा ‘ओशा’ हा कायदा झाला.

मोटार कामगारांचं थोडक्यात सांगते. १९५० मध्ये वॉल्टर रूथर यांच्या युनियनने जनरल मोटर्सशी पाच वर्षांचा करार केला, त्यात पेन्शन मिळाली आणि विम्याचा अर्धा खर्च कंपनीकडे आला. रूथर यांना हवा होता राष्ट्रीय विमाच. बोजा अंगावर पडला की कंपन्याच वॉशिंग्टनकडे सरकारी योजना मागतील, असा त्यांचा होरा होता. तसं झालं नाही. ज्यांच्याकडे बळकट युनियन होती त्यांना चांगला विमा मिळाला, आणि सगळ्यांसाठी भांडायची त्यांची निकड कमी झाली.

रुग्णालयात काम करणाऱ्यांचंही ऐका, कारण ही माझी माणसं. धर्मादाय रुग्णालयांतले सफाई कामगार, स्वयंपाकी, मदतनीस यांना १९४७ नंतर केंद्रीय कायद्याने युनियनचं संरक्षणच नव्हतं. पगार इतके तुटपुंजे की न्यूयॉर्कमध्ये पूर्णवेळ राबणाऱ्या काहींना सरकारी मदत घ्यावी लागे. १९५९ मध्ये ‘११९९’ या युनियनने तिथल्या सात रुग्णालयांत ४६ दिवस संप केला. संपकरी बहुतांश काळे आणि पोर्तोरिकन, त्यांत बायका पुष्कळ. देशभरच्या धर्मादाय रुग्णालयांना हा हक्क मिळायला १९७४ उजाडलं.

तुम्ही विचारलंय की सरकार कुठे आहे. १९६५ मध्ये ६५ वर्षांपुढच्यांसाठी मेडिकेअर हा सरकारी विमा आला, कारण बहुतेक निवृत्तांना नोकरीचा विमा नसे आणि विमा कंपन्यांना ते गिऱ्हाईक म्हणून नको होते. गरिबांसाठी मेडिकेड आलं. मेडिकेअरचे पैसे हवेत तर काळ्या-गोऱ्यांचे वॉर्ड वेगळे ठेवता येणार नाहीत, ही अट होती, आणि हजाराहून अधिक रुग्णालयांनी काही महिन्यांत ते भेद मोडले. त्याच वर्षी इमिग्रेशनचा कायदा बदलला, डॉक्टरांची गरज वाढली होतीच, आणि मुंबई-पुण्याच्या मेडिकल कॉलेजांतून डॉक्टर इकडे येऊ लागले. आपल्या इथल्या मराठी मंडळांतली कितीतरी जुनी घरं त्या लाटेतली आहेत. काम करत्या वयातल्या माणसाला मात्र नोकरीच्याच दावणीला ठेवलं गेलं. नंतरचे कायदे म्हणजे त्या दाव्याला थोडी ढील: १९९३ च्या कायद्याने ५० किंवा अधिक माणसांच्या कंपन्यांत बाळंतपण-आजारपणासाठी १२ आठवडे सुट्टी, तीही बिनपगारी, पण विमा चालू ठेवून. २०१० च्या कायद्याने आधीपासून असलेल्या आजारासाठी विमा नाकारणं बंद केलं. मधुमेह किंवा कर्करोग झालेल्या माणसाला कुणी विमाच देईना, असे अर्ज मी त्याआधी हाताळलेत. त्या कायद्याचं मोल किती, ते मला विचारा.

आता तुमच्या घराचं. नोकरी गेलीच तर विमा कोणत्या तारखेला संपतो ते एचआरला लेखी विचारा. काही ठिकाणी शेवटचा दिवस, काही ठिकाणी महिनाअखेर. २० किंवा अधिक माणसांच्या कंपनीत कोब्रा या केंद्रीय कायद्याखाली तोच विमा साधारण १८ महिने चालू ठेवता येतो, पण पूर्ण हप्ता अधिक २ टक्के तुम्ही भरायचे. ‘डीडी’चा आकडा तेव्हा नीट कळतो. निर्णयाला किमान ६० दिवस मिळतात, आणि मागाहून हप्ता भरला तरी विमा खंड न पडता मागच्या तारखेपासून लागू होतो. म्हणून मूल ठणठणीत असेल तर पहिल्याच दिवशी घाईने सही करू नका. पण ती ६० दिवसांची तारीख चुकवू नका. विमा गेल्यानंतरच्या ६० दिवसांत मार्केटप्लेसमधूनही, म्हणजे २०१० च्या कायद्याने उघडलेल्या विमाबाजारातून, वेगळा विमा घेता येतो, एच-१बीवर असलात तरी. व्हिसाची, म्हणजे नोकरीशिवाय इथे राहण्याची, ६० दिवसांपर्यंतची मुदत वेगळी, ती नोकरी संपल्याच्या तारखेपासून मोजतात. तिन्ही तारखा एका कागदावर लिहून ठेवा.

आणि एखादा क्लेम नाकारला गेला तर कारण लेखी मागा. कंपनीच्या विम्यात अपील करायला १८० दिवस असतात. बिलिंगच्या टेबलामागे बसून सांगते, बहुतेक लोक अपील करतच नाहीत. तुम्ही करा.