लिमाचं लुकुमा

प्रश्न : मुलगी नोकरीनिमित्त पेरू देशात, लिमाला असते. तिथे लुकुमाचं आईस्क्रीम फार खपतं म्हणते. हे कुठलं फळ? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, लुकुमा आपल्या चिकूच्या कुळातलं, अँडीजच्या खोऱ्यांतलं मूळचं फळ. वरून हिरवं, आत उकडलेल्या अंड्याच्या बलकासारखं पिवळं नि कोरडं. नुसतं खाल्लं तर तोठरा बसतो. मला तरी नाही आवडलं. आईस्क्रीममध्ये मात्र झकास! पेरूतल्या प्राचीन मोचे लोकांनी हजाराहून अधिक वर्षांपूर्वी मातीच्या भांड्यांवर ते घडवलं, एवढा त्याचा मान. गोडच हवं असेल तर तिला चेरिमोया घ्यायला सांगा. ते सीताफळाच्या जातकुळीतलं (आपलं सीताफळही आलं अमेरिकेतूनच).

आणि कधी अ‍ॅमेझॉनच्या बाजूला, इकितोसला गेली, तर अग्वाखे चाखू दे. ताडवर्गातलं, तांबूस खवल्यांचं फळ. बायका रस्त्यावर सोलून विकतात. मोठ्या बीवर पातळ पिवळा गर, तो दातांनी खरवडायचा. झाड उंच, म्हणून पुष्कळदा अख्खं झाडच तोडून फळं काढतात. त्यात फळतात फक्त मादी झाडं, त्यामुळे जंगलात नरच उरतात. हल्ली काही गावांत दोराने चढून घड उतरवतात.